सही आली, पुढं काय?

१७ मार्च २०२४, रविवार. राज्यभरातल्या शाळांत त्या दिवशी मोठ्या माणसांची परीक्षा होती, ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात सवडीनं यायचं आणि तीन तासांत पेपर सोडवायचा. वाचनाला ५० गुण, लेखनाला ५०, संख्याज्ञानाला ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की उत्तीर्ण. कमी पडले तरी कुणाला नापास म्हणत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा देतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत ठरलेले फोटो आले: डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, आणि नातवाच्या बाकावर कशीबशी मावलेली आजी.

फोटो बघून बरं वाटतं. तारीख कुणी काढली कोण जाणे, कारण मार्चच्या मध्यावर पश्चिम विदर्भात हरभरा-गव्हाची काढणी असते आणि गडचिरोली-गोंदियाकडं मोहफूल गळायला लागलेलं असतं, माणसं पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेलेली असतात. अशा दिवसांत पेपरला येऊन बसलेली बाई एक तर खरोखर शिकायला आलेली असते, नाही तर कुणीतरी हाताला धरून आणलेली. फोटोत दोघी सारख्याच दिसतात. निकालाच्या आकड्यातही दोघी सारख्याच मोजल्या जातात. मग अशा कार्यक्रमांतून गावाला नेमकं काय मिळतं, हे ओळखायचं कसं?

‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’

सरकारी अहवालात दोन रकाने असतात. तालुक्याला उद्दिष्ट इतकं, साध्य इतकं. साध्य म्हणजे किती नावं नोंदली, किती परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या गावात चाळीस बायांची नावं नोंदली. पंचवीस जणी वर्गाला येत राहिल्या, वीस उत्तीर्ण झाल्या. अहवाल इथं संपतो.

खरे प्रश्न त्यानंतरचे आहेत. वर्षभरानं त्या वीसजणींपैकी किती जणी रेशनच्या पावतीवरचे किलो वाचून दुकानदाराला टोकतात? बँकेत पैसे काढायचा फॉर्म किती जणी स्वतः भरतात? पोरानं शाळेतून आणलेली सूचना किती जणी वाचतात? आणि ज्या घरात आधी ‘इथं सही कर’ एवढंच सांगून कागद पुढं सरकवला जायचा, तिथं आता ‘कशाचा कागद हाय?’ असं विचारलं जातं का?

यातला पहिला टप्पा कौशल्याचा: येतं की नाही. दुसरा वापराचा: जे येतं ते रोजच्या कामात येतं का. तिसरा आयुष्यात पडलेल्या फरकाचा: पैसा, तब्येत, पोरांचं शिक्षण, घरातलं वजन. परीक्षेत फक्त पहिला टप्पा कळतो, तोही त्या एका दिवसापुरता. गावात हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘मले नाव लिवता येते बाई, पण बँकेतला फारम काही भरता येत नाही.’ पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधलं सगळं अंतर या एका वाक्यात आहे.

बँकेचं तर आणखीच विचित्र झालंय. आधी सांगितलं, सही शिका म्हणजे अंगठा लावावा लागणार नाही. बाया सही शिकल्या. मग आधारवर पैसे काढायची सोय आली आणि बँकमित्राच्या यंत्रावर शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांनीच पुन्हा अंगठा टेकवायला सुरुवात केली. आता सहीपेक्षा महत्त्वाचं काय, तर यंत्रातून निघणारी चिटोऱ्याएवढी पावती. तिच्यावर किती रुपये काढले, किती शिल्लक राहिले, हे वाचता आलं पाहिजे. ‘आजी, व्यवहार फेल झाला, परत अंगठा लावा’ असं कुणी म्हटलं तर तो खरंच फेल झाला की नाही, हे ताडता आलं पाहिजे. लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाल्याचा मेसेज बहुतेक वेळा इंग्रजीत येतो, ती आणखी वेगळी रड. संख्याज्ञानाच्या ५० गुणांत ही पावती आली, तर त्या परीक्षेला मी शंभर गुण देईन.

आकडे कसे तयार होतात

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, तो साक्षर. प्रगणक घरी येतो, बहुधा घरच्या कर्त्याला विचारतो, कर्ता सांगेल ते लिहितो. वाचून कुणी दाखवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र कमी शिकलेल्यांपुढं छापील वाक्याचं कार्ड धरतात आणि वाचायला लावतात. एकीत सांगोवांगी, दुसरीत तपासणी. या दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवून कुणी वाढ किंवा घट सांगत असेल, तर जरा जपून.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. नागपूर आणि अकोला जिल्हे ८८ टक्क्यांच्या आसपास, अमरावती ८७च्या, तर गडचिरोली साधारण ७४ टक्के. त्यावरून वाटेल की विदर्भात प्रश्न उरला तो गडचिरोलीपुरता. पण अमरावतीच्या सत्त्याऐंशीत अमरावती शहर आहे, परतवाडा आहे, आणि धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू गावंही आहेत. शहराच्या पदराआड मेळघाट झाकला जातो. जिल्ह्याची सरासरी ही अशी लबाड गोष्ट आहे.

मेळघाटात आणि गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडं आणखी एक पेच आहे. तिथली बाई घरात कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलते आणि तिच्या हातात पुस्तिका येते मराठीची. अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकायच्या. वर्ध्याच्या बाईला ‘घर’ हा शब्द माहीत असतो, त्याचं अक्षरातलं रूप तेवढं नवं असतं. एटापल्लीच्या बाईला दोन्ही नवीन. दोघींना सारखाच वेळ आणि सारखाच पेपर देऊन निकालाची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आणि एक देशपातळीवरचा आकडा बघा. २०११मध्ये पंधरा वर्षांवरचे २५.७६ कोटी लोक निरक्षर होते. २००९ ते २०१८ या काळात ‘साक्षर भारत’ योजनेत ७.६४ कोटी लोकांना साक्षर म्हणून प्रमाणपत्र मिळालं. वजाबाकी केली, उरले १८.१२ कोटी. ‘उल्लास’ आखताना हाच आकडा धरला गेला. वजाबाकी चुकलेली नाही. तिच्यात एक गोष्ट गृहीत मात्र धरलीय: एकदा उत्तीर्ण झालेला माणूस कायमचा साक्षर. मधल्या काळात वारलेले निरक्षर त्यातून वजा झालेले नाहीत, शाळा अर्धवट सोडून पंधरा वर्षांचे झालेले त्यात आलेले नाहीत, आणि शिकून विसरलेले तर कुणाच्याच हिशेबात नाहीत.

शिकलेलं जातं कुठं

विसरणं ही या विषयातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी अडचण आहे. शाळेतलं पोर वर्षानुवर्षं रोज वाचतं, म्हणून काही काळानं अक्षर ओळखायला त्याला डोकं चालवावं लागत नाही. नजर पडली की शब्द कळतो. चाळिशीतली बाई दिवसभर निंदण करून संध्याकाळी तासभर वर्गाला बसते, तेव्हा ती ‘ग्रा… म… स… भा’ असं एकेक अक्षर जोडत जाते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. तिची बुद्धी कमी पडते असं नाही. माणसाचं डोकं एका वेळी थोडंच धरून ठेवू शकतं, आणि ते सगळं अक्षरं जुळवण्यात खर्च झालं की अर्थाला काही उरत नाही. वाचनाचा वेग एका मर्यादेपलीकडं गेला नाही, तर वाचून काही कळत नाही. कळत नाही म्हणून वाचायचा कंटाळा येतो, आणि काही महिन्यांत आलेलंही जातं.

त्यात आपल्या लिपीची स्वतःची खोडी. बाईला जे शब्द वाचायची खरी गरज असते ते बघा: कर्ज, व्याज, हप्ता, मुद्दल, अर्ज. सगळ्यांत जोडाक्षर. साक्षरतेच्या पुस्तिकांत जोडाक्षरं साधारणपणे शेवटाकडं येतात आणि वर्ग बहुतेक वेळा त्याआधीच पातळ होतो. ‘कमल नमन कर’ वाचता येणारी बाई ‘कर्ज’पाशी अडते.

आफ्रिकेतल्या नायजर देशात यावर एक चांगला प्रयोग झालाय. ११३ गावांत प्रौढांचे वर्ग चालवले. त्यातल्या काही गावांत वर्गासोबत साधे मोबाइल दिले, पाचजणांत एक, आणि ते वापरायला शिकवले. मोबाइल मिळालेल्या गावांतली माणसं परीक्षेत पुढं गेली. महत्त्वाचं ते पुढं: वर्ग बंद झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा शिकलेलं सगळ्यांचंच काही अंशी गेलं होतं, पण मोबाइलच्या गावांची आघाडी टिकून होती. आकडे आणि अक्षरं हातात रोज येत राहिली, म्हणून ती राहिली.

आपल्याकडं हे कळलेलं नाही असं नाही. नव्वदच्या दशकातल्या संपूर्ण साक्षरता मोहिमांचा आढावा घेणाऱ्या अरुण घोष समितीनं १९९४मध्येच सांगितलं होतं की मिळालेली साक्षरता नाजूक आहे आणि लोक मागं सरकण्याचा धोका मोठा आहे. पुढं काय झालं ते धोरणाच्या भागात येईलच.

श्रेय कुणाचं

आता थोडं किचकट. समजा, दारव्ह्याच्या त्या गावात दोन वर्षांनी पाहणी केली आणि दिसलं की वर्गाला गेलेल्या बायांची मुलं शाळेत जास्त नियमित जातात. कार्यक्रम यशस्वी? घाई करू नका. वर्गाला कोण आलं होतं? जिला आधीच शिकायची हौस होती, जिच्या घरून आडकाठी नव्हती, जिचा नवरा पीत नव्हता. अशा घरातली मुलं वर्ग नसता तरी शाळेत गेलीच असती, असंही असेल. शिवाय त्याच दोन वर्षांत गावात एसटी सुरू झाली असेल, नाही तर शाळेला एखादे चांगले गुरुजी मिळाले असतील.

म्हणून अभ्यासक काय करतात, तर गावांची यादी करून चिठ्ठ्या टाकतात. ज्यांची चिठ्ठी निघाली तिथं आधी वर्ग, बाकीच्या गावांत नंतर. चिठ्ठीला हौस, गरिबी, एसटी यातलं काहीच ठाऊक नसतं, त्यामुळं दोन्हीकडची गावं सरासरीनं सारखी असतात आणि नंतर दिसलेला फरक वर्गाच्या नावावर मांडता येतो.

शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या कार्यक्रमावर बिहार आणि राजस्थानच्या ४८० गावांत असाच अभ्यास झाला. काही गावांत आयांना साक्षरतेचे वर्ग, काही गावांत मुलांसोबत घरी काय करायचं याचं मार्गदर्शन, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. नोंदलेल्या सगळ्या आया वर्गाला आल्या नाहीत, हे तिथंही झालं. आयांचं लिहिणं-वाचणं-गणित सुधारलं, पण थोडंच. मुलांच्या गणितात फरक पडला, तोही लहानच, आणि दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तिथं तो सगळ्यात जास्त होता. आई शिकली की घर शिकतं, असं भाषणात म्हणतात. अभ्यासात ते खोटं ठरलं नाही, पण भाषणात वाटतं तितकं आपोआप आणि तितकं मोठंही काही झालं नाही. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. आठवड्यातले काही तास, तेही काही महिने, एवढ्यावर याहून जास्त मागणं हेच चुकीचं.

शेतीशाळांबद्दलही असंच दिसतं. विदर्भात बोंडअळीच्या निमित्तानं आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळा बऱ्याच झाल्या. पंधरा-वीस कास्तकारांनी हंगामभर एकाच्या वावरात जमायचं, किडी मोजायच्या, फवारायचं की थांबायचं ते मिळून ठरवायचं. जगभरच्या अशा शेतीशाळांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४मध्ये निघाला. जिथं नीट चालवल्या तिथं कीटकनाशक कमी लागलं आणि उत्पन्न वाढलं. पण जो बसला तोच शिकला. शेजारच्या धुऱ्यापलीकडं ते ज्ञान फारसं गेलं नाही, आणि मोठ्या सरकारी प्रमाणावर राबवायला घेतलं तेव्हा परिणामही ओसरला. गावातल्या वीसजणांना शिकवलं की गाव शिकलं, असं धरून केलेलं नियोजन तिथंच फसतं.

यवतमाळचं २०१७ इथं आठवतंच. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक कास्तकार-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही खूण वाचायला अक्षरओळख लागत नाही. लागते ती कुणीतरी एकदा नीट समजावून सांगण्याची. आणि तेवढ्यानंही भागत नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, पंप जोराचे होते, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती, उकाडा असा की अंगावर सदरा ठेववत नव्हता. हातमोजे आणि मास्क घाला हे मजुराला पाठ असलं, तरी मालकानं ते दिलेच नाहीत तर? ज्ञान आणि वागणं यांच्यामध्ये पैसा, हवामान आणि मालक उभे असतात. ‘जनजागृती केली’ असं लिहिणाऱ्या अहवालात यांतलं कुणीच दिसत नाही.

विदर्भाचा स्वतःचा अनुभव

मोठ्या माणसांना शिकवायची विदर्भाची परंपरा वर्गापेक्षा जुनी आहे. गाडगेबाबा स्वतः निरक्षर होते आणि कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत जायचे. कर्ज, दारू, नवसाचे बळी यांच्यावर उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनातून तेच केलं. सेवाग्रामला तर देशाच्या शिक्षणाची एक वेगळी आखणीच झाली. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला परिषद भरली ती हातकामातून शालेय शिक्षण देण्यासाठी, पण जानेवारी १९४५च्या सेवाग्राम परिषदेत गांधीजींनी या शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, पसारा जन्मापासून म्हातारपणापर्यंत नेला आणि त्यात प्रौढांचं शिक्षणही आलं. या सगळ्याचा परिणाम टक्क्यांत कुणी मोजलेला नाही.

मोजलेला परिणाम बघायचा तर गडचिरोलीला जावं लागतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा गावच्या सुइणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवायचं होतं. मिनिटाला पन्नास-साठ श्वास. आणि सुईणबाईला मोजता येतं ते दहा-बारापर्यंत. त्यांना आधी शंभरापर्यंत आकडे शिकवत बसले असते तर तेवढ्यात बाळं गेली असती. त्यांनी एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहा मणी, मोठ्याला पाच. निरक्षर सुईण आता बरोबर निदान करू लागली.

पुढं १९९३पासून त्यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बाया आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्यांनी गरोदर बायांना आणि घरातल्या म्हाताऱ्यांना समजावलं, बाळ तपासलं, गरज पडली तर इंजेक्शनही दिलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेसाठी धरलेल्या गावांच्या हिशेबात ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि नंतर देशभरच्या आशाताईंच्या कामात घरभेटींची ही पद्धत गेली. यात सगळं श्रेय शिक्षणाचं म्हणता येणार नाही, औषधंही होती. तरी शिक्षणाशिवाय ती औषधं बाळापर्यंत पोचली नसती.

दुसरं ठिकाण मेंढा, लेखाजवळचं, धानोरा तालुक्यातलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. देवाजी तोफा गावचे पुढारी आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला होते. तिथं अभ्यास गट नावाची गोष्ट चालते. गावातल्या कुणीही बसावं, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायदा वाचावा, प्रश्न विचारावेत, वाद घालावेत. अभ्यास गट निर्णय घेत नाही; निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. म्हणून गटात कुणी जिंकत-हरत नाही आणि न लिहिता-वाचता येणाराही निवांत बोलतो. वनहक्क कायद्याचा असा अभ्यास झाल्यावर २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे, म्हणजे तो विकायचा हक्क आपला, हे कायद्यात कुठं लिहिलंय ते गावाला ठाऊक होतं. वनखात्याशी बरीच ओढाताण झाली आणि एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. साक्षरतेच्या १५० गुणांत यातलं काय मोजता येईल? बहुधा काहीच नाही.

तिसरं उदाहरण प्रत्येक गावात आहे, म्हणून त्याच्याकडं कुणी शिक्षण म्हणून बघत नाही. बचत गट. ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) असो की ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), गटाची पंचसूत्री ठरलेली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि हिशेब लिहिणं. दर आठवड्याला दहा-बारा बाया वर्तुळात बसतात, नाव पुकारलं की पैसे टाकतात, रजिस्टरवर रकमेसमोर सही करतात. रकाने तेच, नावं तीच, आकडे मात्र दर वेळी स्वतःच्या पैशाचे. ‘माझे मागच्या वेळचे पन्नास कुठं लिवले?’ असं एखादी म्हणते आणि बोट ठेवून ओळ शोधते, तेव्हा ती जे वाचते त्याला कुठल्याही पुस्तिकेची सर येत नाही. खोट एकच. बऱ्याच गटांत हिशेब लिहायचं काम कायम एकाच शिकलेल्या सुनेकडं किंवा कॉलेजातल्या पोरीकडं असतं आणि बाकीच्या वर्षानुवर्षं फक्त सही करतात.

योजना येते, योजना जाते

धोरणाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो लांबवला तरी तेच ते आहे. १९५९मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, नंतर ती राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. १९७८च्या गांधीजयंतीला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, पाच वर्षांत दहा कोटी लोकांचं उद्दिष्ट घेऊन. १९८८मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन. १९९०मध्ये केरळचा एर्नाकुलम देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा झाला आणि सगळीकडं कलाजथे, म्हणजे गाणी-नाटकं करत फिरणारी पथकं, निघाले. २००९मध्ये ‘साक्षर भारत’: प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र, ते चालवणारे दोन प्रेरक, प्रत्येकाला महिन्याला २,००० रुपये मानधन. ३१ मार्च २०१८ला ते बंद झालं. केंद्रं मिटली, प्रेरक घरी बसले. आणि आता २०२२ ते २०२७ ‘उल्लास’, १,०३७.९० कोटींचा, वर्षाला एक कोटी लोकांचं उद्दिष्ट घेऊन, शिकवणारे सगळे स्वयंसेवक.

मानधन नसल्यानं खर्च वाचतो आणि मोहिमेला सेवेचं रूप येतं, हा विचार समजण्यासारखा आहे. पण २०२३मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम शिक्षकांच्या डोक्यावर आलं तेव्हा राज्यातल्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला. त्यांची तक्रार होती की आधीच अशैक्षणिक कामं पुष्कळ आहेत. कामाला माणूस लागतो आणि माणसाला एक तर पैसा नाही तर मोकळा वेळ लागतो. दोन्ही न देता चाललेल्या मोहिमेत कागद पुढं जातात, वर्ग मागं राहतात.

‘उल्लास’मध्ये कागदावर पाच भाग आहेत: पायाभूत साक्षरता, जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. वर जे सांगितलं त्या हिशेबानं शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण विसरणं तिथंच थांबतं. पण परीक्षा पहिल्या भागाची होते, म्हणून सगळं बळ पहिल्या भागात जातं. जे मोजलं जातं तेवढंच होतं, हा तर तहसील कचेरीचा जुना अनुभव.

आपल्या गावात काही करायचं असेल तर योजनेची वाट बघायची गरज नाही. वर्गाचा हंगाम गावानं ठरवावा. कापसाच्या पट्ट्यात वेचणी ओसरल्यावरचे दिवस बरे. भंडारा-गोंदियाकडं रोवणी झाली की पोळ्याच्या आसपास जरा सवड मिळते. ग्रामपंचायतीनं उत्तीर्ण झालेल्यांची यादी शाळेतून मागून घ्यावी आणि वर्षानं त्यातल्या दहाजणींना रेशनची पावती वाचायला लावावी. त्यातून जे कळेल ते कुठल्याच अहवालात मिळणार नाही. गावात ‘ड’ वर्गाचं का होईना सार्वजनिक ग्रंथालय असेल, तर त्याच्या खरेदीत मोठ्या टायपातली, चार-चार ओळींच्या पानांची पुस्तकं यावीत. आणि बचत गटांत बैठकीचा ठराव दर महिन्याला वेगळ्या बाईनं लिहावा. अक्षर वेडंवाकडं येईल, वेलांट्या चुकतील, पान खाडाखोडीनं भरेल. ऑडिटला आलेली मॅडम कुरकुर करेल. तिला करू द्यावी.